कान्हा मेहेर यांची क्लॅरिनेट

पोलीस चौकी, बेलापूर
दिनांक १८ डिसेंबर १९६०, रविवार

नाव: धोंडूबाई भ्रतार कान्हा मेहेर. (पतीचे नाव जबाब देणारीने तोंडाने घेतले नाही. सोबत आलेली नणंद गोजरा हिने सांगितले.)
वय: अंदाजे पंचेचाळीस. धंदा: मासळी विकणे. राहणार: सारसोळे, बंदराजवळ, तालुका ठाणे.

मी स्वतः चौकीत हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वर लिहिलेल्या ठिकाणी राहते. माझे यजमान होडीवर जात आणि गावच्या हौशी वाद्यवृंद व गायन मंडळात क्लॅरिनेट वाजवीत. मंडळाचे मास्तर रामचंद्र मेहेर हे यजमानांचे धाकटे चुलत भाऊ, म्हणजे माझे दीर लागतात. त्यांनी आज सकाळी माझ्यावर फिर्याद दिली आहे की, मी मंडळाच्या खोलीचे कुलूप फोडले, ढोलाचे चामडे करपवले आणि क्लॅरिनेट पळवली. फिर्याद मला वाचून दाखवली. हे सगळे मी कशासाठी केले, याबद्दल तीत एक अक्षर नाही. रामचंद्र यांना ते ठाऊक नाही म्हणे. ते आता बाहेर ओट्यावरच्या बाकावर बसले आहेत. मी पायरी चढले तेव्हा त्यांनी तोंड फिरवले.

मला बसायला सांगितले. मी उभी राहूनच जबाब देत आहे.

माझे यजमान परवा शुक्रवारी सकाळी मयत झाले. हे वाक्य जमादारांनी ठळक लिहावे, कारण फिर्यादीला जे ऐकायचे नाही ते हेच आहे.

आमच्यात सुतक ऐकल्यापासून लागते. घरात लग्नाचा मांडव घातला असेल आणि लांबच्या गावी कोणी भाऊबंद गेला, तर निरोप दाबून ठेवतात. लग्न लागले की सांगतात. मग माणसे रडतात, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात आणि सुतक धरतात. ही रीत मलाही मान्य आहे, माझ्या भावाच्या लग्नात आम्ही ती पाळली आहे. पण ती लांबच्या गावासाठी आहे. रामचंद्र यांच्या आणि आमच्या घरांमध्ये कुडाची एकच भिंत आहे, त्यातून एकमेकांच्या चुलीचा धूर जातो. मंडळातले निम्मे पुरुष आमचे भाऊबंद आहेत. सुतक लागले की दहाव्यापर्यंत ते कुठल्या शुभकार्याला किंवा स्पर्धेला वाजवू शकत नाहीत. मयताला आणि दहाव्याला वाजवलेले चालते.

मंडळाची हकीकत विचारल्यावरून सांगते. रामचंद्र काही वर्षे मुंबईच्या गोदीत होते. तिथे कुठला तरी बँड ऐकून डोक्यात खूळ घेऊन आले. पुरुषांनी वाजवायचे, बायांनी मागे उभे राहून गायचे, असे ठरले. क्लॅरिनेट त्यांनीच मुंबईहून जुनी आणली. कोणाच्या तोंडाला ती बोलेना, फक्त माझ्या यजमानांच्या बोलली. मंडळात कोणाला काही मिळत नाही, चहासुद्धा आपल्या घरून पिऊन यायचा. होडी बंद असेल त्या दिवशी देवळात तालीम. हळदी, गणपती, जत्रा, सगळे फुकट. त्याच्या बदल्यात देवळात नारळ फोडून एकच वचन ठरले, की मंडळातला कोणीही गेला तर सगळे मंडळ त्याला घरच्या दारापासून खाडीवरच्या मसणवटीपर्यंत वाजवत नेईल. हे वचन रामचंद्र यांच्या तोंडचे आहे. आम्ही मागितले नव्हते.

माझे यजमान एकाही मयताला चुकले नाहीत. ढोलवाल्या बाळारामची आई गेली तेव्हा ते खाडीत होते. जाळे पाण्यात तसेच सोडून आले आणि ओल्या लंगोटीवर सदरा घालून वाजवायला उभे राहिले. ते जाळे परत मिळाले नाही. त्याबद्दल मी त्यांना पुष्कळ बोलले होते. आज ते बोलणे मला परत घ्यायचे आहे, पण बाळारामसाठी नाही.

यंदा पनवेलला खाडीकाठच्या गावांची हौशी वाद्यवृंदांची स्पर्धा लागली. त्यासाठी रामचंद्र यांनी आम्हा जुन्या बायांना मंडळातून बाजूला केले आणि कोवळ्या गळ्याच्या सुना-मुली घेतल्या. मला देवळात सगळ्यांसमोर म्हणाले, "वयनी, तुमचा गला बंदरावर बरा. मासली इकायला."

मी म्हटले, "याच गल्यानं तुज्या हलदीची रात काडली, तवा बरा व्हता तो?"

जमादार म्हणतात, याचा फिर्यादीशी संबंध नाही. मी म्हणते आहे, लिहा. त्या बाजूला केलेल्या बायांवरच पुढची सगळी हकीकत आहे.

दिवाळीपासून यजमान काविळीने अंथरुणावर होते. आमच्याकडे ज्याचे वाद्य त्याच्या घरी, देवाच्या फळीवर राहते. यजमान आजारी पडल्यावर रामचंद्र येऊन क्लॅरिनेट घेऊन गेले आणि खोलीत कुलूप लावून ठेवली. यजमानांनी दोनदा निरोप पाठवला, फुंकायला बळ नाही, नुसती हातात द्या. रामचंद्र यांचे उत्तर आले, "आजाऱ्याच्या हाताला घाम. ओल्या हातानं लाकूड फुगतं, सूर जातो." यजमान म्हणाले, खरे आहे त्याचे. मला ते खरे वाटले नाही.

गुरुवारी भरतीला मंडळ पनवेलला निघाले. डोक्यावर पेटी घेऊन रामचंद्र आमच्या दाराशी थांबले. उंबरा ओलांडला नाही. त्यांचे माझे बोलणे झाले ते असे:

"वयनी, आमी निंगतो. सोमवारी शेवटची फेरी हाय. मदी काय इपरीत झाला, तर आमाला कलवू नको. मंगलवारी कलव, मंग सगले येतो."

"भावजी, आत येऊन तोंड तरी बगा."

"नको. बगितला का मन आखडतं. सपर्देत हात चालाचा नाय."

"मंग इथं आलास कशाला?"

ते डोक्यावरची पेटी सावरून बंदराकडे गेले.

यजमान आत जागे होते. सगळे शरीर गेले होते, पण त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. मी आत गेल्यावर त्यांनी मला विचारले, "मंगलवारपरयंत थांबू काय?" हे त्यांनी थट्टेने विचारले की खरोखर, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना पेज भरवली, ती त्यांनी घेतली नाही. शुक्रवारी उजाडल्यावर ते गेले.

मी रामचंद्र यांचे सांगणे मानले नाही. नणंद गोजरा हिला शेजारच्या होडीतून पनवेलला पाठवले. पुढची हकीकत गोजराने पाहिलेली आहे, ती इथे हजर आहे, तिचा जबाब वेगळा घ्यावा. ती सांगते की, मंडळ धर्मशाळेच्या अंगणात तालमीला बसले होते. मोकळ्या केसांची, रिकाम्या हातांची गोजरा फाटकातून येताना आधी बाळारामने पाहिली. त्याची काठी ढोलावर टेकून राहिली. रामचंद्र यांनी मान वर केली आणि ओरडले, "गोजरे, तोंड उगडू नको! वाजवा रे! वाजवा!"

गोजरा म्हणाली, "दादा गेला." ते वाजवत होते. ती पुन्हा मोठ्याने म्हणाली. त्यांनी आणखी जोर केला. नव्या पोरींनी कानांत बोटे घातली आणि तशाच गात राहिल्या. गोजरा सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी ओरडून सांगत होती आणि आमचे मंडळ तिच्यावर बंदराची चाल वाजवत होते. ही चाल यजमानांनीच बसवली होती. बाळारामच्या डोळ्यांतून पाणी जात होते, पण ढोल कुठे चुकला नाही, असे गोजरा सांगते. चाल संपली तसे सगळे उठून आत गेले आणि दार लावून घेतले. परतीच्या होडीला ओहोटीचे पाणी मिळेपर्यंत गोजरा बाहेर बसली. तिला कोणी पाणीही विचारले नाही. पाणी द्यायचे तर दार उघडावे लागले असते.

म्हणजे त्यांनी ऐकले नाही. सुतक लागले नाही. शनिवारची फेरी ते जिंकले.

गोजरा परत आली तेव्हा दुपार टळली होती. ताटी बांधून अंगणात ठेवली होती. गावातले म्हातारे म्हणू लागले, आता थांबू नका, वाजवणारे नाहीत तर नाहीत, चार जण उचलतो आणि नेतो. माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुढे वाजवत चालला, आणि त्याला मुकाट न्यायचे? मला ते सहन झाले नाही. मी घरातला वरवंटा उचलला, देवळामागे गेले आणि खोलीचे कुलूप फोडले. एका दणक्यात नाही फुटले. आजूबाजूला बाया-माणसे उभी होती. मी कोणापासून लपवले नाही.

आत पनवेलला न नेलेला जुना ढोल, झांजा आणि फडक्यात गुंडाळलेली क्लॅरिनेट होती. तिन्ही वस्तू मी घेतल्या. ढोल खाडीच्या हवेने सैल पडला होता, थाप मारली की नुसता भदभद करी. वाजवण्याआधी चामडे विस्तवावर धरून तापवावे लागते. ते काम कायम बाळारामचे, बाईने ढोल कधी तापवलेला नाही. मसणात न्यायचा विस्तव मडक्यात तयार होता, त्यावरच आम्ही ढोल धरला. फार जवळ धरला. चामडे एका अंगाला करपले हे खरे आहे. फिर्यादीतली ही एक गोष्ट मला कबूल आहे आणि बाळाराम इथे असता तर करपले नसते, हेही लिहावे.

मग आम्ही बाजूला केलेल्या बाया गायला उभ्या राहिलो. मयताला काय वाजवायचे ते पुरुषांना ठाऊक, आम्हाला हळदीची गाणी येतात आणि होड्या परत येताना बंदरावर म्हणायची येतात. आम्ही बंदरावरची म्हटली. गोजराने ढोल घेतला. बाया मसणवटीत जात नाहीत, नवरा गेलेली तर घराबाहेरही पडत नाही. मी गेले. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, अडवले कोणी नाही. गळे चिरके लागले, झांज मागे पडत होती. रामचंद्र असते तर म्हणाले असते, बंद करा.

क्लॅरिनेटबद्दल विचारल्यावरून सांगते. ती मी यजमानांच्या हातात दिली होती. दारापासून मसणवटीपर्यंत ती त्यांच्या हातात होती. अग्नी देण्याआधी मी ती काढून घेतली, कारण ती मंडळाची वस्तू आहे. मला पळवायचीच असती तर तिथेच ठेवली असती, तासाभरात राख झाली असती आणि आज रामचंद्र यांना चौकीत येऊन राखेचे वर्णन द्यावे लागले असते.

आज सकाळी रामचंद्र पनवेलहून आले. गावात शिरले नाहीत. खारजमिनीच्या बांधावर उभे राहिले आणि देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या गोटीरामला बोलावून घेतले. उद्याच्या फेरीसाठी उरणचा कोणी क्लॅरिनेटवाला मिळाला आहे, त्याला वाद्य हवे होते. गोटीराम फुटलेले कुलूप आणि आम्ही परत ठेवलेला ढोल पाहून परत गेला आणि कुलूप फुटले, ढोल करपला, क्लॅरिनेट धोंडूबाईने नेली एवढेच बोलला. पुढे बोलायला त्याने तोंड उघडले तेव्हा रामचंद्र यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. हे गोटीरामने मला स्वतः येऊन सांगितले.

मी त्याच्याबरोबर निरोप दिला, "क्लारनेट घरी हाय. दारात ये, कशाला नेली ते इचार आनि घेऊन जा." एवढेच मागितले होते. त्यांना चार पावले चालून एक प्रश्न विचारायचा होता. तो न विचारता ते बांधाबांधाने बेलापूरपर्यंत चालत आले आणि माझ्यावर चोरी घातली. आमच्या दारात येण्यापेक्षा त्यांना चौकीत येणे सोपे वाटले.

जमादारांनी समजूत घातली की, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, मंगळवारी ते सगळे येतीलच, घरातले भांडण घरात मिटवा. त्यावर माझे म्हणणे असे की, मंगळवारी ते येतील हे मला माहीत आहे. स्पर्धेच्या बक्षिसाची ढाल घेऊन येतील, दारात गळे काढतील, मला मिठ्या मारतील आणि म्हणतील, आत्ताच कळले. बाळारामही म्हणेल. आणि मी मान हलवली की ते खरे होईल. माझा माणूस शुक्रवारी गेला. तो यांच्या सोयीने मंगळवारी गेला असे मी होऊ देणार नाही. मंडळाने त्यांना वाजवत नेण्याचे वचन मोडले, ते आता भरून येत नाही. पण पुढच्या रविवारी खाडीवर दहावा आहे. ज्याने शुक्रवारचे मरण ऐकले तोच त्या दहाव्याला वाजवेल. ढाल जिंकून आलेला नको.

माझ्या मनात रामचंद्र यांच्याबद्दल राग आहे. जमादारांनी 'नाराजी' लिहिले होते, ते मी खोडायला लावले.

क्लॅरिनेट मी सोबत आणली आहे आणि फडक्यासकट टेबलावर ठेवली आहे. कुलूप भरून देईन. चामडे मढवून देईन. माझी एकच मागणी आहे. जबाब संपला की तो वाचून दाखवतात, असे मला सांगण्यात आले. तो दार उघडे ठेवून मोठ्याने वाचावा.

(वाचतेवेळी जे घडले ते जबाब देणारीच्या सांगण्यावरून पुढे लिहिले आहे.)

जमादारांनी दार उघडे ठेवले, पण ते हळू वाचू लागले. मी म्हटले, साहेब, बाहेर ऐकू जात नाही. त्यांनी आवाज चढवला. शुक्रवारचे वाक्य जवळ आले तसे रामचंद्र बाकावरून उठले आणि पायऱ्या उतरून चालू लागले. जमादार वाचायचे थांबले. मी दारात गेले.

मी लग्न झाल्यापासून यजमानांचे नाव कधी तोंडाने घेतलेले नाही. उखाण्यातसुद्धा गोजराने माझ्या वतीने घेतले होते. मी दारातून ओरडून सांगितले, "भावजी, कान्हा गेला! तुजा भाऊ कान्हा मेहेर शुक्करवारी सकाली गेला! आयकला काय?" मासळी विकायच्या आवाजात सांगितले. रस्त्यावरच्या बैलगाडीवाल्यानेही मागे वळून पाहिले.

रामचंद्र पाठमोरेच उभे राहिले. त्यांचे हात कानांपर्यंत वर गेले होते, ते तसेच डोक्यावर गेले आणि त्यांनी टोपी काढली. मागे वळले नाहीत. चौकीसमोरच्या उतारावरून खाडीत उतरले आणि सदरा-धोतरासकट पाण्यात बसले. हे मी, गोजराने आणि जमादारांनी दारातून पाहिले. त्यानंतर जमादारांनी राहिलेला जबाब वाचून पुरा केला.

रामचंद्र अजून वर आलेले नाहीत. आले की क्लॅरिनेट त्यांना द्यावी, माझी हरकत नाही. फक्त आधी हात कोरडे करायला सांगावे. ओल्या हाताने लाकूड फुगते.

हा जबाब मोठ्याने वाचलेला मी ऐकला, ज्याने ऐकायचा त्यानेही ऐकला. सांगितला तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.

धोंडूबाई मेहेर, डाव्या हाताचा अंगठा
समक्ष: जमादार, पोलीस चौकी, बेलापूर